ट्रॅक्टरचं कर्ज मुदतीआधी फेडायला गेलं तर हिशेब एवढा का फुगतो? जिवतीच्या पहाडावरून समजून घ्या

कापूस विकला गेला, हातात चार पैसे आले, आता ट्रॅक्टरचं कर्ज एकदाचं मिटवून टाकू, असा विचार डिसेंबर-जानेवारीत अनेक घरांमध्ये होतो. आतापर्यंत किती हप्ते भरले, मूळ रक्कम किती होती, याचा अंदाज घरातल्या प्रत्येकाला असतो. मग फायनान्स कंपनीच्या शाखेत जाऊन 'कर्ज बंद करायला किती भरावे लागतील?' असं विचारलं जातं. जो आकडा समोर येतो, तो घरच्या अंदाजापेक्षा पन्नास-साठ हजारांनी जास्त असतो.

पहिली शंका येते ती फसवणुकीची. कधीकधी ती खरीही असते. पण बहुतेक वेळा या फुगलेल्या आकड्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. त्यातल्या काही कायदेशीर असतात, काही टाळता येण्यासारख्या असतात, आणि काहींवर भांडता येतं. कोणती कशात मोडते हे कळलं नाही तर माणूस एक तर निमूटपणे पैसे भरतो किंवा चुकीच्या मुद्द्यावर वाद घालून परत येतो.

जिवतीत तारण म्हणजे ट्रॅक्टर, जमीन नाही

चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका माणिकगडच्या डोंगररांगेत, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. गोंड, कोलाम, परधान हे इथले जुने रहिवासी. १९६० आणि ७० च्या दशकांत, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, मराठवाड्यातून आलेली अनेक कुटुंबंही इथे स्थायिक झाली. कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिकं.

या तालुक्याचा सगळ्यात जुना प्रश्न जमिनीच्या पट्ट्यांचा आहे. जमीन वनविभागाची की महसूल विभागाची, या वादात पिढ्या गेल्या. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, पण त्यानुसार मिळालेली जमीन वारसांकडे जाऊ शकते, विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्यातही बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. दुष्काळात आलेल्या कुटुंबाकडे तो असणार कुठून?

आता कर्जाकडे वळू. बँकेला तारण म्हणून अशी वस्तू हवी असते, जी कर्ज बुडालं तर विकता येईल. ज्या जमिनीचा सातबाराच नावावर नाही, किंवा जी विकताच येत नाही, ती गहाण ठेवून घेण्यात बँकेला रस नसतो. म्हणून ज्यांच्याकडे पट्टा नाही, त्यांच्यासाठी तारणी कर्ज म्हणजे दोनच गोष्टी उरतात. एक, घरातलं सोनं. दुसरी, चाकांवर चालणारी वस्तू: ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकल. गाडी स्वतःच तारण असते. आरसी बुकवर फायनान्स करणाऱ्याचं नाव चढतं आणि कर्ज फिटेपर्यंत उतरत नाही.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण मुदतपूर्व फेडीवरच्या दंडाचे नियम जमीन-घराच्या कर्जाला वेगळे आणि गाडीच्या कर्जाला वेगळे पडतात. घरकर्ज घेणारा शहरी नोकरदार या दंडातून बऱ्याच वर्षांपूर्वी सुटला. ट्रॅक्टरवाला अजून अडकलेला आहे.

आधी हिशेब: दोन वर्षं भरूनही मुद्दल का सरत नाही?

समजा, एकानं ट्रॅक्टरसाठी ६ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं. विक्रेत्याकडे बसलेल्या माणसानं सांगितलं, 'फक्त ९ टक्के व्याज'. पाच वर्षांचं व्याज झालं २ लाख ७० हजार. एकूण ८ लाख ७० हजार, भागिले ६० महिने, म्हणजे हप्ता १४,५०० रुपये. (ट्रॅक्टरचे हप्ते पुष्कळदा सहामाही असतात. इथे सोपं पडावं म्हणून महिन्याचा धरला आहे.)

दोन वर्षं हप्ते वेळेवर भरले. आता घरचा हिशेब असा होतो: पाचपैकी दोन वर्षं झाली, म्हणजे मुद्दलाचा दोन-पंचमांश भाग, २ लाख ४० हजार, फिटला. उरले ३ लाख ६० हजार.

कंपनी सांगते, ४ लाख १४ हजार.

हा ५४ हजारांचा फरक दंडाचा नाही. दंड अजून लागायचाच आहे. हा फरक 'फ्लॅट' दराचा आहे. ९ टक्के फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ६ लाखांवर व्याज आकारणं, जरी मुद्दल दर महिन्याला कमी होत असलं तरी. बँका सहसा ज्या पद्धतीनं दर सांगतात, म्हणजे शिल्लक मुद्दलावर व्याज, त्या पद्धतीत हाच हप्ता सुमारे १५.७ टक्के दराचा निघतो. आणि शिल्लक मुद्दलावरच्या व्याजात सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा हिस्सा व्याजात जातो, कारण तेव्हा शिल्लक जास्त असते. पहिल्या १४,५०० च्या हप्त्यात साधारण ७,८०० रुपये निव्वळ व्याज असतं. मुद्दल हळूहळू आणि शेवटी शेवटी जोरात फिटतं.

म्हणजे कंपनीनं सांगितलेला ४ लाख १४ हजारांचा आकडा गणितानं बरोबर आहे. चूक झाली ती 'फक्त ९ टक्के' हे शब्द ऐकताना. किंवा ऐकवताना, असं म्हणणं जास्त न्यायाचं होईल.

इथे एक जुनं परदेशी सूत्र माहीत असलेलं बरं. त्याला 'रूल ऑफ ७८' म्हणतात. १ ते १२ या आकड्यांची बेरीज ७८ होते, त्यावरून हे नाव. एक वर्षाच्या कर्जात पहिल्या महिन्यात एकूण व्याजाचा ७८ पैकी १२ वा भाग, दुसऱ्यात ११ वा, असं करत शेवटच्या महिन्यात १ भाग 'कमावला' असं धरायचं. मोठ्या मुदतीत ही पद्धत कर्जदाराला महागात पडते. वरच्याच उदाहरणात हे सूत्र लावलं तर दोन वर्षांनी शिल्लक ४ लाख २३ हजार ७०० च्या पुढे जाते, म्हणजे आणखी साडेनऊ हजार रुपये जास्त. अमेरिकेनं १९९२ मध्ये ६१ महिन्यांपेक्षा मोठ्या मुदतीच्या ग्राहक कर्जांना हे सूत्र लावायला बंदी केली. ब्रिटनमध्ये १९८३ पासून चालत आलेली ही पद्धत २००५ मध्ये लागू झालेल्या नव्या नियमांनी हद्दपार केली. आपल्याकडे शिल्लक कशी काढली हे तपासायचा सरळ मार्ग म्हणजे हप्त्यांचा तक्ता मागणं. प्रत्येक हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती आणि त्यानंतर शिल्लक किती, हे त्यात छापलेलं असतं.

मग दंड किती आणि तो परवडतो का?

आता खरा दंड. मराठीत याला मुदतपूर्व फेड शुल्क म्हणतात, शाखेत मात्र सगळे 'फोरक्लोजर चार्ज' म्हणतात. तो शिल्लक मुद्दलाच्या टक्क्यांत असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे '५ टक्के' म्हणजे प्रत्यक्षात ५.९ टक्के.

हिशेबासाठी ६ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, शिल्लक मुद्दलावर १५ टक्के व्याज आणि ५ टक्के दंड धरू. हप्ता येतो सुमारे १४,२७४ रुपये.

दोन वर्षांनी कर्ज बंद केलं तर शिल्लक ४ लाख ११ हजार ७०० च्या आसपास. दंड आणि जीएसटी मिळून जवळपास २४,३०० रुपये. आकडा मोठा वाटतो. पण कर्ज तसंच चालू ठेवलं असतं तर पुढच्या तीन वर्षांत व्याजापोटी १ लाख २ हजार गेले असते. म्हणजे दंड भरूनही ७७ हजारांहून जास्त वाचतात.

चार वर्षांनी बंद केलं तर शिल्लक १ लाख ५८ हजार. दंड जीएसटीसह सुमारे ९,३०० रुपये, वाचणारं व्याज १३,१०० रुपये. फायदा जेमतेम ३,८०० रुपये.

आणि शेवटचे सहा हप्ते उरले असताना बंद केलं तर? शिल्लक ८२ हजार, दंड ४,८०० रुपये, वाचणारं व्याज ३,६०० रुपये. म्हणजे आपल्याच खिशातून बाराशे रुपये जास्त देऊन कर्ज बंद केलं. या दरांना आठ किंवा त्याहून कमी हप्ते उरले असतील तर कर्ज आधी फेडणं हा निव्वळ तोट्याचा व्यवहार ठरतो. तरीही माणसं तो करतात, कारण डोक्यावरचं ओझं उतरवायचं असतं. ते समजण्यासारखं आहे, फक्त त्या समाधानाची किंमत माहीत असावी.

आणखी एक गोष्ट या गणितात येत नाही, पण पहाडावर तीच सगळ्यात मोठी असते. जानेवारीत सगळी रोकड ट्रॅक्टरच्या कर्जात ओतली आणि जूनमध्ये बियाणं-खतासाठी पुन्हा हात पसरावा लागला, तर? ज्याच्याकडे पट्टा नाही त्याला पीककर्ज मिळणं अवघड. मग उरतो कृषी केंद्राचा उधारीचा भाव किंवा खासगी सावकार. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. १५ टक्क्यांचं कर्ज दंड भरून फेडायचं आणि ३६ टक्क्यांचं नवं काढायचं, याला फेड म्हणता येणार नाही. पेरणीचा खर्च बाजूला काढून मगच उरलेल्या पैशांचा विचार करणं शहाणपणाचं.

रिझर्व्ह बँक नेमकं काय म्हणते?

इतिहास थोडक्यात असा. घरकर्जावरच्या दंडाविरुद्धची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेली होती. डिसेंबर २०१० मध्ये आयोगानं बहुमतानं बँकांच्या बाजूनं निकाल दिला. पण २०११ मध्ये दामोदरन समितीनं ग्राहकसेवेवरच्या अहवालात हा मुद्दा उचलला, आणि ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेनं फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर असा दंड घ्यायला बँकांना मनाई केली. ७ मे २०१४ रोजी हीच मनाई व्यक्तींना दिलेल्या सगळ्या फ्लोटिंग दराच्या मुदत कर्जांना लागू झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये फायनान्स कंपन्यांनाही तोच नियम आला. २०१९ मध्ये स्पष्ट करण्यात आलं की फायनान्स कंपन्यांच्या बाबतीत ही सूट व्यवसायाव्यतिरिक्तच्या कर्जांना आहे.

२ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेनं या विषयावर एकत्रित निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. त्यानुसार फ्लोटिंग दराचं व्यवसायेतर कर्ज असेल तर कोणीही दंड घेऊ शकत नाही. पैसे कुठून आणले, किती महिन्यांत फेडले, याचा संबंध नाही. व्यक्तींची आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची व्यवसायासाठीची फ्लोटिंग दराची कर्जं असतील तर मोठ्या व्यापारी बँका आणि सर्वांत वरच्या स्तरातल्या फायनान्स कंपन्या दंड घेऊ शकत नाहीत. ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आणि मधल्या स्तरातल्या फायनान्स कंपन्यांनी ५० लाखांपर्यंतच्या अशा कर्जांवर दंड घ्यायचा नाही.

वाचताना 'फ्लोटिंग' हा शब्द किती वेळा आला ते लक्षात आलं असेल. गोम तिथेच आहे. ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकल यांची कर्जं बहुतांशी स्थिर दराची असतात. हप्ता पहिल्या दिवशी ठरतो आणि शेवटपर्यंत बदलत नाही. अशा कर्जावर दंड घ्यायचा की नाही, किती घ्यायचा, हे कर्ज देणारी संस्था आपल्या धोरणानुसार ठरवू शकते. स्थिर दराच्या कर्जात संस्थेनंही पुढून ठरलेल्या दरानं पैसे उचललेले असतात, विक्रेत्याला कमिशन दिलेलं असतं, ते लवकर फेडीमुळे अंगावर येतं, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो अगदी निराधार नाही. पण मग पाचव्या वर्षीही पहिल्या वर्षाइतकाच टक्का का, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

स्थिर दरालाही काही बंधनं मात्र आहेत. मुदत कर्जावरचा दंड जेवढी रक्कम आधी फेडली तेवढ्यावरच आकारायचा, मूळ मंजूर रकमेवर नाही. संस्थेनंच सांगून कर्ज मुदतीआधी फेडायला लावलं असेल तर दंड लागत नाही. आणि दंडाची अट मंजुरीपत्रात, करारात आणि केएफएसमध्ये लिहिलेली असायला हवी.

केएफएस म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, कर्जाची सगळी महत्त्वाची माहिती एकत्र देणारा कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांना तो सक्तीचा आहे आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. त्यात फोरक्लोजर चार्जसाठी वेगळी ओळ असते, वार्षिक प्रत्यक्ष दर असतो (इथे 'फ्लॅट ९' ची लपवाछपवी उघडी पडते) आणि सोबत हप्त्यांचा तक्ता असतो. जे शुल्क या कागदात नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ट्रॅक्टर घरी आला की कागदांची पिशवी कपाटात जाते. भांडायचं झालं तर खरं हत्यार त्या पिशवीत असतं.

दोन कर्जांचा उल्लेख इथे करायला हवा. महिला गटांना मिळणारं विनातारण मायक्रोफायनान्स कर्ज, म्हणजे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं, मुदतीआधी फेडलं तर २०२२ च्या निर्देशांनुसार एक रुपयाही दंड घेता येत नाही. आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या या नियमांखाली येत नाहीत. त्यांचा कारभार सहकार कायद्याखाली चालतो, त्यामुळे तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करावी लागते.

हिशेबाच्या कागदात आणखी काय लपलेलं असतं?

कर्ज बंद करण्याचा आकडा तोंडी घेऊ नका. लेखी फोरक्लोजर स्टेटमेंट मागा आणि ओळ न् ओळ वाचा. शिल्लक मुद्दल, मागच्या हप्त्यापासून आजपर्यंतचं व्याज, दंड आणि त्यावरचा जीएसटी, या चार ओळी अपेक्षित असतात. त्याखाली चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेल्याचे जुने आकार, उशिराच्या हप्त्यांचा दंड, वसुलीला माणूस आल्याचे पैसे अशा बारीक रकमा साचलेल्या असतात. पहाडावर नेटवर्क नाही, खात्यात पैसे एक दिवस उशिरा पोहोचले आणि हप्ता परत गेला, असं पाच वर्षांत चार-सहा वेळा झालं तरी रक्कम बरीच होते. यातल्या काही रकमा मागणी केल्यावर माफ होतात. विचारणाऱ्यालाच होतात, हे वेगळं सांगायला नको.

कर्जासोबत विमा काढला असेल आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच घातला असेल, तर कर्ज आधी बंद करताना उरलेल्या मुदतीच्या पैशांबद्दल जरूर विचारा.

सगळी रक्कम एकदम भरणं जमत नसेल तर काही भाग आधी भरता येतो का, आणि त्यावर किती शुल्क लागतं, हेही त्याच वेळी विचारता येतं. काही करारांत पहिले काही महिने कर्ज बंदच करता येणार नाही अशी अट असते, तीही तपासा.

सोनं तारण असेल तर गणित साधं असतं, पण किमान काही दिवसांचं व्याज किंवा पहिल्या काही महिन्यांत बंद केल्यास शुल्क, अशा अटी तिथेही आढळतात. पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात त्या छापलेल्या असतात.

पैसे भरले, पण ट्रॅक्टर तुमचा झाला का?

पैसे भरल्यावर कंपनी एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ देते. तो आरटीओकडे गेल्यावरच आरसीवरचं फायनान्स कंपनीचं नाव उतरतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एमएच-३४ क्रमांकाच्या गाड्यांसाठी हे काम चंद्रपूर आरटीओचं. जिवतीपासून ते लांब आहे, म्हणून हा टप्पा राहून जातो, एनओसीवरची मुदत उलटते, आणि पुढे ट्रॅक्टर विकताना किंवा त्यावर नवं कर्ज काढताना अडचण येते. दोन्ही राज्यं दावा सांगतात त्या सीमेवरच्या १४ गावांत तर गाडीची नोंदणी महाराष्ट्रात आहे की तेलंगणात, हे आधी पाहावं. जिथे नोंदणी, तिथेच नाव उतरवायचं.

घर-जमिनीची मूळ कागदपत्रं तारण असतील, तर कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत ती परत करणं आणि बोजा उतरवणं संस्थेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. संस्थेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते.

केएफएसमध्ये नसलेला दंड लावला, किंवा फ्लोटिंग दराच्या कर्जावर लावला, तर आधी त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन किंवा पोस्टानं तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीसोबत केएफएसची प्रत, फोरक्लोजर स्टेटमेंट आणि संस्थेला दिलेल्या पत्राची पोच जोडा.